धुक्यातला कडा, उन्हातला दगड

परदेशप्रवासावर लिहिणाऱ्यांचे दोन वर्ग पडतात. विमानातून उतरताच ज्यांना त्या देशाचा आत्मा दिसू लागतो तो पहिला वर्ग. आणि ज्यांना प्रथम तिथल्या चहाची किंमत दिसते तो दुसरा. प्रस्तुत लेखक दुसऱ्या वर्गातला आहे हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे, म्हणजे पुढे निराशा व्हायची नाही. आम्ही गेलो तेव्हा, म्हणजे २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस, एका युरोला शंभराच्या आसपास रुपये पडत होते. हा भाव हिशेबाला सोपा, आणि म्हणूनच जिवाला घोर लावणारा. तीन युरोंचा चहा म्हटला की तीनशे रुपये तत्क्षणी डोळ्यांपुढे उभे राहत. मध्ये गुणाकाराचा आडपडदासुद्धा नाही.

आयर्लंडच का, असे स्टाफरूममध्ये पुष्कळांनी विचारले. लंडन समजू शकते, स्वित्झर्लंड तर फारच समजू शकते, पण आयर्लंड? याचे उत्तर भूगोलात नसून नातेसंबंधात आहे. सौभाग्यवतीचा भाचा डब्लिनला एका संगणक कंपनीत नोकरीला आहे आणि त्याच्या बैठकीच्या खोलीतला कोच उलगडला की त्याचा पलंग होतो. "मावशी, राहायचं-जेवायचं माझ्याकडे. तुम्ही फक्त तिकिटाचं बघा," असे तो तीन वर्षे म्हणत होता. सात वर्षे विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासून मिळालेले मानधन मी एका वेगळ्या खात्यात टाकत आलो होतो. त्यात तिच्या भिशीचे पैसे पडले. तरी थोडे कमी पडत होते, तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्याचा नवा दगड पुढच्या वर्षावर गेला. ओट्याचा दगड रद्द करून आपण जे पाहायला निघालो आहोत तेही दगडच आहेत, हे तिने प्रवासात निदान चार वेळा बोलून दाखवले. ती एका पतपेढीत रोखपाल आहे. चार वेळा म्हणजे चारच वेळा.

व्हिसाच्या अर्जात आपण परत येणार आहोत याचा पुरावा जोडावा लागतो. मी प्राचार्यांचे पत्र जोडले. अमुक तारखेस मध्यवर्ती केंद्रावर उत्तरपत्रिका तपासण्यासाठी माझी उपस्थिती अनिवार्य आहे, असे त्यात होते. माणूस अशा कामासाठी परत येईल यावर परक्या वकिलातीचा विश्वास बसला, ही गोष्ट शिक्षकी पेशाला भूषणावह आहे. एक सोय मात्र खरी. २०१५ पासून भारतीयांना ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या संयुक्त योजनेखाली एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येते. नाहीतर बेटाच्या उत्तरेकडचा भाग ब्रिटनच्या राज्यात असल्यामुळे तिथे जायला निराळा खर्च आला असता, आणि मग या लेखाचा उत्तरार्ध घडलाच नसता.

भाच्याकडे मोटार नाही आणि सुटी फक्त शनिवार-रविवार. म्हणून ठरले ते असे, की सकाळी निघून रात्री परत आणणाऱ्या पर्यटक-बसगाड्यांतून दोन स्थळे पाहायची: पश्चिम किनाऱ्यावरचे मोहेरचे कडे आणि उत्तर किनाऱ्यावरचा ‘जायंट्स कॉजवे’, म्हणजे राक्षसाचा सेतू. आयर्लंडात जाऊन ही दोन पाहिली नाहीत तर परत येऊ देत नाहीत, असे भाच्याने सांगितले. ‘मोहेर’ हे नाव सौभाग्यवतीने ‘माहेर’ असे ऐकले. ते तिला इतके आवडले की तिने शेवटपर्यंत दुरुस्त करून घेतले नाही.

तिकीट माणशी सत्तर युरो. गाडी सकाळी सातला निघणार, रात्री आठला परत. जागा राखीव नाहीत; जो आधी येईल त्याची खिडकी. ही अट वाचल्याबरोबर आमच्या मंडळींच्या चेहऱ्यावर जो आत्मविश्वास आला तो मी लग्नानंतरच्या वीस वर्षांत फार थोड्या वेळा पाहिला आहे. दिवाळीच्या गर्दीत एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून ज्यांनी जागा धरल्या, त्यांना डब्लिनच्या रांगेचे काय भय? अडचण इतकीच आली की त्या गाडीच्या खिडक्या उघडतच नाहीत. पण साडेसहालाच आम्ही ओकॉनेल स्ट्रीटवर हजर असल्यामुळे ड्रायव्हरमागची दुसरी जागा मिळाली. आमच्यामागे एक ब्राझीलचे वृद्ध दांपत्य, चार जर्मन विद्यार्थी आणि सुटीच्या दिवशी एकटीच निघालेली एक फिलिपिनी नर्स, एवढ्यांचा परिचय पुढे झाला. बाकीचे झोपले.

त्या देशात अशा गाडीचा चालक तोच वाहक आणि तोच वक्ता. कानापाशी ध्वनिक्षेपक लावून तो तेरा तास गाडी चालवता चालवता बोलत होता. विनोद, इतिहास, मधूनच एखादे गाणे. आम्ही महाराष्ट्रातले हे कळताच आरशातून पाहत त्याने विचारले, "म्हणजे वराडकरांच्या गावचे?" लिओ वराडकर २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ च्या डिसेंबरपासून २०२४ च्या एप्रिलपर्यंत त्या देशाचे पंतप्रधान होते. वडील मराठी, आई आयरिश; मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. २०१९ च्या अखेरीस ते त्या गावी जाऊनही आले. "आमचं गाव नव्हे, पण तिथून फार लांबही नाही," असे सौभाग्यवतीने सांगितले. यात आपले आणि मालवणचे अंतर तिने पुष्कळच आवरून घेतले होते. परंतु डब्लिनहून पाहता ते क्षम्य मानावे.

मी मराठीचा मास्तर. माझे डोळे निसर्गाआधी पाट्यांवर जातात. तिथली प्रत्येक पाटी दुहेरी आहे. वर तिरप्या अक्षरात आयरिश नाव, खाली ठळक अक्षरात इंग्रजी. शहरात शिरणाऱ्या बसच्या कपाळावर ‘अन लार’ लिहिलेले असते, म्हणजे ‘मध्यभाग’. खुद्द डब्लिनचे आयरिश नाव अगदी निराळे आहे, आणि त्याचा अर्थ ताट्या टाकून केलेल्या उताराचे गाव असा. १९३७ च्या राज्यघटनेने आयरिश ही पहिली राजभाषा ठरवली. शाळेत ती सगळे शिकतात. आणि २०२२ च्या शिरगणतीप्रमाणे शाळेबाहेर रोज ती बोलणारे सुमारे ७२ हजार, एकूण एक्कावन्न लाख वस्तीत! ब्रिटिशांच्या मोजणीखात्याने एकोणिसाव्या शतकात सारी बेटे मोजली तेव्हा गावोगावची नावे इंग्रजी कानाला सोसतील अशी वाकवून नकाशावर चढवली. ब्रायन फ्रील यांचे ‘ट्रान्स्लेशन्स’ हे १९८० चे नाटक याच नामांतरावर उभे आहे. मोहेर हे त्यातलेच वाकलेले नाव. मूळ शब्दाचा अर्थ ‘पडका कोट’. कड्याच्या टोकाशी तो कोट होता. नेपोलियनच्या धास्तीने तिथे टेहळणीचा बुरूज उभारताना त्याचे दगड बुरुजाला लागले. कोट गेला, नाव राहिले आणि नावाचा अर्थ पाटीच्या वरच्या ओळीत तिरपा होऊन बसला. मी हे सारे सौभाग्यवतीला समजावून सांगत होतो; ती डब्यातले थालीपीठ माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "आधी हे गार व्हायच्या आत खा." ते आदल्या रात्रीचे होते.

वाटेत पहिला थांबा एका पेट्रोल पंपावर. पण तो साधा नव्हे. मनीगॉल नावाच्या चिमुकल्या गावातून १८५० साली एक चांभाराचा मुलगा अमेरिकेला गेला, आणि त्याच्या वंशातल्या एका मुलीचा मुलगा बराक ओबामा. २०११ च्या मे महिन्यात ओबामा त्या गावी येऊन गेले, आणि पुढे २०१४ मध्ये हमरस्त्यावर ‘बराक ओबामा प्लाझा’ उघडला. खाली पेट्रोल आणि सँडविच, वर लहानसे संग्रहालय. जिथून माणसे पोटासाठी परागंदा झाली त्या देशाने परत आलेल्या पणतू-खापरपणतूंचे स्वागत कसे करावे हे चांगले शिकून घेतले आहे. स्वच्छतागृह मात्र फुकट होते, याची नोंद रोखपालांनी केली.

अडीचशेहून अधिक किलोमीटर कापून आम्ही कड्यापाशी पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते, आणि कडा नव्हता.

म्हणजे असणार. पाट्या होत्या, टेकडीच्या पोटात कोरून बसवलेले प्रेक्षकगृह होते, शेकडो माणसे होती. पण पुढे जिथे अटलांटिक महासागर आणि त्यात सरळ उतरणारी २१४ मीटर उंचीची भिंत असायला हवी, तिथे पांढरा पडदा होता. असा पडदा मी माथेरानला पाहिला आहे, महाबळेश्वरला पाहिला आहे. पण तिथे तो भर पावसात आणि माफक दरात मिळतो. ड्रायव्हरने नव्वद मिनिटे दिली होती. सौभाग्यवतीने कठड्याला टेकून हिशेब केला, "सत्तर युरो, नव्वद मिनिटं. म्हणजे माणशी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर रुपयांनी आपण धुकं बघतोय."

मी काही बोललो नाही. सात वर्षांच्या उत्तरपत्रिका माझ्या डोळ्यांपुढून एकामागून एक त्या धुक्यात शिरत होत्या.

आम्ही चालत राहिलो. सन १८३५ मध्ये कॉर्नेलियस ओब्रायन नावाच्या तिथल्या जमीनदाराने प्रवाशांच्या सोयीसाठी कड्यावर एक मनोरा बांधला. तो आम्हांला त्याच्यावर आदळण्याच्या बेतात आल्यावर दिसला. खाली कुठेतरी समुद्र आपटत होता आणि हजारो पक्षी एकदम बोलत होते. मेमध्ये त्या कपारींत समुद्रपक्ष्यांची वीण असते: रंगीत चोचीचे पफिन, काळे-पांढरे गिलेमॉट. दिसला एकही नाही. पण वारा वर आला, की मासळीचा, विष्ठेचा, खाऱ्या ओलीचा एक घनघोर वास येई. ब्राझीलच्या आजींनी नाकाला रुमाल लावला. आमची मात्र उभी राहून श्वास भरून घेऊ लागली. "वेसाव्याचा वास आहे हा," ती म्हणाली. अंधेरीत वाढलेल्या मुलीला वाळत घातलेल्या बोंबलांचा वास पुरता ओळखीचा असतो. पश्चिमेचा वारा सुटला की तो घरात येतोच. "म्हटलं होतं ना मी, माहेरचे कडे म्हणून!"

मग तिने जे पाहिले ते त्या गर्दीत दुसऱ्या कुणी पाहिले असेल असे मला वाटत नाही. वाटेच्या कडेने उभ्या फरशांचा कठडा केलेला आहे. सगळे त्याच्यावरून पलीकडे पाहत होते. पलीकडे काही नसल्यामुळे तिने कठड्याकडेच पाहिले. करड्या फरशीवर बोटाएवढ्या जाडीच्या वळवळत्या रेघा होत्या. एकमेकींना ओलांडणाऱ्या, मागे फिरणाऱ्या. पावसाळ्यात अंगणात गांडुळे फिरून जावीत तशा. एका फरशीवर नाही, सगळ्यांवर. "कोरलंय कुणी?" तिने विचारले. कुणी कोरलेले नव्हते. पुढे ड्रायव्हरने सांगितले ते असे: हा जवळच्याच लिस्कॅनरचा दगड. सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी इथे एका प्रचंड नदीचे मुख होते. गाळ, वाळू, पुन्हा गाळ असे थर बसत गेले आणि त्याचेच हे कडे झाले. त्या ओल्या चिखलातून जे बारके जीव सरपटत गेले त्यांच्या वाटा दगडात राहिल्या. जीव गेले, वाट राहिली. या भागातल्या घरांच्या जमिनी पिढ्यान् पिढ्या याच फरशांच्या आहेत.

तिने एका रेघेवर बोट ठेवले आणि ती जिकडे जाईल तिकडे बोट नेले. रेघ फरशीच्या कडेला संपली. मग दुसरी. माणशी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर रुपयांचा विषय पुन्हा निघाला नाही. मी मात्र दर पाच मिनिटांनी धुक्याकडे पाहत होतो. माझ्या जातीला पुस्तकात छापलेले चित्र प्रत्यक्षाशी ताडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. चित्र शेवटी दुकानात मिळाले. निळे आकाश, हिरवा माथा, काळी भिंत, दीड युरो. घेतले नाही.

डूलिन नावाच्या खेड्यात जेवणाची सुटी होती. एका पबमध्ये एक माशांचे सूप आणि दोन चमचे मागितले. सोबत काळसर गव्हाचा पाव येतो आणि वर लोणी. तेवढ्यात दोघांचे भागले. बाहेर येऊन धक्क्याकडे गेलो तर धुके थोडे उचलले होते. दक्षिणेला तेच कडे. वरचा अर्धा भाग अजून ढगात, खालचा उघडा. पाण्यातून निघालेली काळी भिंत, तिच्यावर थरांच्या आडव्या रेघा, पायाशी फेस. वर काय आहे ते नाहीच. "मुखदर्शन नाही, पण पायांचं दर्शन झालं," ती म्हणाली आणि खरोखरच तिने हात जोडले. पंढरपूरला पदस्पर्शाची रांग मुखदर्शनाच्या रांगेपेक्षा लांब असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा सौदा वाईट वाटू नये.

परतीच्या वाटेवर बरेन नावाचा प्रदेश लागतो. मैल न् मैल उघडा चुनखडीचा खडक, भेगाभेगांतून फुले. निळ्याजांभळ्या रंगाचे एक इवलेसे फूल मेमध्ये तिथे फुलते, ते आल्प्सच्या उंचीवरचे. त्याच्याच शेजारी भूमध्य समुद्राकडची झुडपे. गुरांची रीतही उलटी: जगभर थंडीत गुरे खाली आणतात, हे लोक वर नेतात. उन्हाळ्यात तापलेला चुनखडीचा दगड हिवाळ्यात ऊब धरून ठेवतो म्हणून. इथे गाडी थांबली पंधरा मिनिटे. पंधरा मिनिटांत बरेन पाहिले असे म्हणणे हा बरेनचा अपमान होईल, म्हणून म्हणत नाही. गॉलवे शहराबद्दल तर काहीच म्हणत नाही.

चार दिवसांनी उत्तरेची गाडी. या वेळी ऊन पडले होते. न्यूरीच्या अलीकडे ड्रायव्हर म्हणाला, "आता आपण सरहद्द ओलांडली." सगळ्यांनी माना वळवल्या. फाटक नाही, शिपाई नाही, काही नाही. वेगाच्या पाट्यांवरचे किलोमीटर गेले आणि मैल आले, नावांवरची तिरपी आयरिश ओळ गेली, आणि खिशातले युरो एकदम परके झाले. याच सरहद्दीवर एके काळी लष्कराच्या चौक्या होत्या आणि माणसे मरत होती. १९९८ च्या करारानंतर ते थांबले. ड्रायव्हरने ते दोन वाक्यांत सांगितले. नंतर काही वेळ त्याने एकही विनोद केला नाही.

राक्षसाच्या सेतूची कथा त्याने त्या वाटेवर सांगितली. ती इतकी आपल्या आजीच्या गोष्टींसारखी आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. फिन मॅकूल हा आयर्लंडचा राक्षस, समुद्रापलीकडे स्कॉटलंडात बेनान्डॉनर नावाचा दुसरा. फिनने त्याला आव्हान दिले आणि लढायला जाता यावे म्हणून समुद्रात दगडी खांब रोवून सेतू बांधला. पण पलीकडचा येताना दिसला तो याच्यापेक्षा कितीतरी मोठा! फिन धावत घरी. त्याची बायको ऊना. तिने नवऱ्याला अंगडे-टोपडे घालून पाळण्यात निजवले आणि पाहुण्याला म्हणाली, "हे बाहेर गेले आहेत, बसा. आवाज करू नका, बाळ झोपलंय." बेनान्डॉनरने पाळण्यात डोकावून पाहिले आणि मनाशी म्हटले, बाळ जर एवढे, तर बाप केवढा! तो पळाला तो सेतू मागे उखडत गेला, म्हणून आज दोन टोकेच उरली. इकडे हे दगड, आणि तिकडे स्टाफा बेटावर फिंगलची गुहा, तशाच खांबांची.

"बघा," असे कुणीतरी माझ्या दंडाला हात लावून म्हणाले. गाडीतल्या बऱ्याच नवऱ्यांना त्या वेळी कुणीतरी तसेच म्हटले असावे.

प्रेक्षकगृहापासून दगडांपर्यंत किलोमीटरभर उतार आहे. पायी जायला पैसे पडत नाहीत, ही माहिती भाच्याने आधीच दिली होती. वळण घेतले आणि ती थांबली. समोर समुद्रात उतरत गेलेले काळे खांब, एकाला एक चिकटून, कुणी गुडघ्याएवढा, कुणी पुरुषभर, कुठे बारा मीटरपर्यंत उंच. बहुतेक षटकोनी, पाच, सात, आठ बाजूंचेही. संख्या सुमारे चाळीस हजार. माथे पेटीतल्या लाकडी ठोकळ्यांसारखे सपाट, त्यांवरून मुले उड्या मारत होती.

"अहो," ती म्हणाली, "हा तर आमचा डोंगर."

वाचकांपैकी जे अंधेरीचे असतील त्यांच्या ध्यानात आले असेल. अंधेरी पश्चिमेला इमारती आणि झोपड्या यांच्या दाटीत गिल्बर्ट हिल नावाचा एक काळा सुळका उभा आहे. ६१ मीटर उंच, उभ्या खांबांचा. तिचे माहेर त्याच्या पायथ्याशी, दोन गल्ल्या सोडून. दगडात खोदलेल्या पायऱ्या चढून वर गेले की गावदेवीचे आणि दुर्गामातेचे देऊळ. लहानपणी ती तिथे रोज संध्याकाळी जाई. तिचे वडील सांगत, हा डोंगर पूर्वी पुष्कळ मोठा होता. खडीसाठी फोडत फोडत एवढा राहिला. मुंबईच्या कितीतरी रस्त्यांखाली तो पसरलेला आहे. घराघरांच्या जोत्यांत आहे. उरला तेवढ्याला २००७ मध्ये महापालिकेच्या वारसायादीत जागा मिळाली.

दगड एकच, यात अतिशयोक्ती नाही. दोन्हीकडे तो काळा अग्निजन्य पाषाण, बेसाल्ट. लाव्हाचा जाड थर निवू लागला की आकसतो, आकसला की तडकतो. आटलेल्या तळ्याच्या गाळाला भेगा पडतात त्याच न्यायाने. जसजशी निवण आत उतरते तसतशा भेगा खाली उतरतात, आणि खरवसाच्या वड्या पाडाव्या तसे खांब सुटतात. आपल्या सह्याद्रीच्या दगडाला भूगर्भशास्त्रात ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातला ‘ट्रॅप’ हा स्वीडिश भाषेतला पायऱ्या या अर्थाचा शब्द. फरक वयाचा. राक्षसाचा सेतू सुमारे सहा कोटी वर्षांचा. आपला दगड सहा कोटी साठ लाखांच्या घरातला. म्हणजे गावदेवीचा डोंगर राक्षसाच्या सेतूपेक्षा पन्नास-साठ लाख वर्षांनी थोरला. जाता जाता एक गोष्ट: १८५१ मध्ये कलकत्त्याला येऊन ज्यांनी भारताच्या भूगर्भ सर्वेक्षणाची घडी बसवली ते टॉमस ओल्डॅम डब्लिनचेच, तिथल्या ट्रिनिटी कॉलेजातले प्राध्यापक.

ही खांबांची किमया आगीची की पाण्याची, यावर युरोपात अठराव्या शतकभर विद्वानांचे भांडण चालले होते. त्या भांडणात एका बाईचा हात आहे. डब्लिनच्या सुझॅना ड्र्युरी यांनी या दगडांची चित्रे काढली. त्यांना १७४० मध्ये डब्लिन सोसायटीचे बक्षीस मिळाले, त्यांचे छाप देशोदेशी गेले. देमारे नावाच्या फ्रेंच पंडिताने हा ज्वालामुखीचा दगड असावा असे म्हटले, ते फ्रान्समधले खडक पाहून आणि इथले हे छाप समोर ठेवून. त्या चित्रांत एकेका खांबाच्या कडा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट आहेत. अशी नजर दीड तासात येत नाही. आम्हांला दीडच तास होता.

तो तिने कसा घालवला ते सांगतो. छायाचित्रे चार काढली. मग बूट काढून एका खांबावर बसली आणि दुसऱ्या खांबावर हात ठेवून राहिली. दगड उन्हाने कोमट झाला होता. खांबांच्या सांध्यांत लोकांनी नाणी ठोकून बसवली होती: पेनी, सेंट, कुठलीकुठली. २०२५ च्या मे महिन्यातच, आम्ही जाण्याआधी थोडेच दिवस, त्या स्थळाची देखभाल करणाऱ्या नॅशनल ट्रस्टने असे करू नका म्हणून विनवले होते; नाणी गंजतात, फुगतात, दगडाच्या कडा फोडतात. नवसाचे नाणे टाकायची खोड ही आपल्याकडची मिरास नव्हे हे पाहून मला थोडे बरे वाटले. तिला वाटले नाही. "आमचा सुरुंगांनी फोडला," ती म्हणाली, "आणि यांना सुट्ट्या पैशांचीसुद्धा काळजी." एवढे बोलून ती बराच वेळ समुद्राकडे पाहत होती. वरच्या वाटेवर गणवेशातला एक माणूस मुलांना उंच खांबांवरून खाली यायला सांगत होता, अगदी हळू आवाजात. जागतिक वारशाच्या यादीत हे ठिकाण १९८६ पासून आहे. तिकडे सुळक्याला चारी बाजूंनी इमारती भिडल्या आहेत आणि तो पाहायला मुंबईचीही माणसे जात नाहीत. वीस वर्षांच्या जावईपणात मी स्वतः तीन वेळा गेलो, तेही नवरात्रात.

वीस मिनिटे उरली तेव्हा तिने अंधेरीला फोन लावला. तिकडे साडेसहा होऊन गेले होते, दिवेलागणीची वेळ. फोनच्या पडद्यावर सासूबाईंचे अर्धे कपाळ आणि मागे देव्हारा दिसत होता. तिने फोन फिरवून खांब दाखवले, समुद्र दाखवला, पुन्हा खांब.

"अगं, हा आपला डोंगर!" सासूबाई म्हणाल्या. "तिकडे कसा गेला?"

"आपला नाही गं. तसलाच आहे."

"कुणी फोडला नाही तो?"

"नाही."

सासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. पडद्यावरचे कपाळ आणखी जवळ आले.

"वर देऊळ कुणाचं आहे?"

"देऊळ नाही आई. राक्षसाचा आहे म्हणतात. पण बायको खमकी होती त्याची."

"मग ठीक आहे," असे म्हणून त्यांनी दिवा लावायला फोन खाली ठेवला.